गराज सेलमधून घेतलं, ऑनलाइन विकलं : तुमचे किस्से

काल कपाटाचा वरचा खण आवरताना फिल्मची काळी डबी सापडली. हलवली तर आत खुडखुडलं, आणि सगळं आठवलं.

तेव्हा मी दर शनिवारी सकाळी सकाळी गराज सेल पालथे घालायचे. एका आजींच्या टेबलावर यजमानांचा पेंटॅक्स के१००० कॅमेरा होता. १९७६ ते १९९७ निघालेलं मॉडेल. सगळं यांत्रिक, बॅटरी फक्त प्रकाश मोजायला. फोटोग्राफी शिकणारे अजून शोधत असतात, म्हणजे हातोहात जाणार. आजींनी मागितलेली किंमत काहीच नव्हती, तरी मी घासाघीस केली. त्यांनी पट्टा नीट गुंडाळून दिला. "फार जपायचे हो," एवढंच म्हणाल्या.

घरी येऊन लिस्टिंग टाकायची घाई. रिवाइंडचा नॉब वर ओढला, मागचं झाकण टपकन उघडलं आणि आत अर्धवट रीळ! खाडकन मिटलं, पण उजेड शिरायचा तो शिरला. फोटो मोजणारा आकडा ११ वर होता, आधी बघूनही डोक्यात शिरलं नव्हतं. कॅमेरा दोन दिवसांत चौपट भावाने गेला. रीळ ह्या डबीत टाकलं, कुणाला बोलले नाही. आजींना तर नाहीच.

लिहा तुमचेही. फायद्याचे, फटक्याचे, कसलेही.

खटपट्या
फटकाच. ओतीव लोखंडाचं शिलाई मशीन. उचलून गाडीत टाकतानाच कंबर बोलली होती, ऐकलं नाही. विकलं गेलं, पण पार्सलचा खर्च मशीनच्या वर! वर खोका पुरेसा भक्कम नव्हता, चाक तुटून पोचलं. पैसे परत, मशीन त्यांच्याकडेच. कंबर माझ्याकडे.

शिंपीण
खटपट्या, हसून हसून पुरेवाट 😂 सिंगर २२१ बघायचं होतं ना, अ‍ॅल्युमिनियमचं असतं, जेमतेम पाच किलो. पेटीला कुबट वास येतो तेवढा सोडला तर सोनं. अंगावरच्या नंबरावरून कुठल्या सालचं तेही कळतं. मी दोन विकली. तिसरं विकवेना, त्यावर पडदे शिवतेय.

पुस्तककिडा
किंमत ठरवताना लोकांनी काय मागितलंय ते बघू नका, मागणारे काहीही मागतात. ईबेवर 'विकलेल्या वस्तू' असा फिल्टर आहे, तो लावून बघा. माझी पहिली दहा-बारा पुस्तकं न बघता घेतली होती, अजून पलंगाखाली आहेत. आता आधी कॉपीराइटचं पान उघडतो. आकड्यांची ओळ असते तिथे १ शिल्लक असेल तर बहुतेक पहिली छपाई. पण बुक क्लबच्या (सभासदांसाठी वेगळ्या छापलेल्या) प्रतींनी दोनदा गंडवलंय मला, वेष्टनावर किंमत छापलेली नसते त्यांच्या. एकदा तर पानांत कुणाचं तरी प्रेमपत्र निघालं. वाचलं. वाचायला नको होतं.

मधली_सून
काय होतं पत्रात???

पुस्तककिडा
नाही सांगणार.

टाकाटाकू
आमच्याकडे ह्या विषयावर बोलायला बंदी आहे. "घर आहे की गोडाऊन" हे वाक्य मी आठवड्यातून तीनदा ऐकतो. जेवायच्या टेबलावर सध्या सहा वॉकमन आहेत, एकही चालत नाही. आतल्या रबरी पट्ट्यांचं डांबर झालंय.

शिंपीण
तुमच्या सौ.ना माझा पाठिंबा.

मधली_सून
घाईत लिहितेय, पिल्लू उठेल. खेळण्यांत बॅटरीचं झाकण उघडून बघितल्याशिवाय घ्यायचं नाही. गळलेली बॅटरी म्हणजे पांढरा-हिरवा खरवडा. साधी अल्कलाइन असेल तर कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर लावून पुसायचं, निघतं. मी एक बोलणारं अस्वल असं जिवंत केलं. रात्री दोनला आपोआप गायला लागलं, नवरा काठी घेऊन उठला. मुलांच्या कारसीट मात्र घेऊ नका नि विकूही नका. मुदत संपलेली असू शकते, अपघातात सापडलेली आहे का कळत नाही.
उठलं. नंतर लिहिते.

गप्प_गिऱ्हाईक
मी उलट बाजूने. विकत घेणारा. 'चालू स्थितीत' म्हणून आलेली लेन्स उजेडासमोर धरली तर आत बुरशीचं कोळ्याचं जाळं. विकणाऱ्याने बहुतेक वरवरच बघितली असणार. बाबांनो, टॉर्च ठेवा खिशात. पिवळी पडलेली सुपर टाकुमार (पेंटॅक्सचीच जुनी लेन्स) दिसली तर मात्र सोडू नका. जुन्या ५० एमएम १.४ पैकी बऱ्याचशांत थोरियमची काच आहे, त्याने पिवळी पडते. काही दिवस यूव्ही दिव्याखाली ठेवली की पुष्कळशी निवळते.

खटपट्या
टाकाटाकू, धीर धरा. ईबेवर १९९५ साली पहिली विकलेली वस्तू मोडकं लेझर पॉइंटर होती, १४.८३ डॉलरला. तुमचे वॉकमनही जातील.

टाकाटाकू
हे वाचून दाखवलं. उत्तर छापण्यासारखं नाही.

निगेटिव्ह
धागाकर्त्या, रीळ टाकू नका! झाकण क्षणभरच उघडलं ना? गुंडाळीचे बाहेरचे वेढे गेले असतील, पण पहिली चित्रं सर्वांत आतल्या वेढ्यात असतात. तीन-चार तरी वाचू शकतात. दाणेदार, फिकी येतील, पण येतील. पुढच्या वेळी झाकण उघडण्याआधी रिवाइंडची कडी हलकेच फिरवून बघायची. ताण लागला की आत फिल्म आहे.

मधली_सून
परत आले. अस्वल विकलं गेलं का कुणी विचारलंच नाही 🙄

शिंपीण
गेलं का?

मधली_सून
गेलं. तिसऱ्या दिवशी परत आलं. "रात्री गातं" म्हणे.

अडगळ (धागाकर्ती)
निगेटिव्ह, धन्यवाद. हे आधी कळलं असतं तर... असो. डबी पर्समध्ये टाकलीय, उद्या धुवायला देते. आजींचं घर नक्की आठवत नाहीये, कोपऱ्यावरचं होतं, फाटकाला निळा रंग. इतकी वर्षं झाली, आहेत की नाहीत कोण जाणे.

पुस्तककिडा
फोटो आले तर इथे नका टाकू. आधी फाटक शोधा.

खटपट्या
अवांतर : भक्कम खोके फुकटात कुठून आणता तुम्ही लोक?