पादचारी-सायकल संस्थेने लोकांना शिकवावे की रस्ता बदलून मागावा?

मूळ मुद्दा

चालणाऱ्यांच्या आणि सायकलस्वारांच्या सुरक्षिततेसाठी झटणाऱ्या स्थानिक स्वयंसेवी संस्थांचा प्रवास बहुधा ठरलेला असतो. हेल्मेटवाटप होते, शाळांमध्ये व्याख्याने होतात, सायकलफेरी निघते. मग एखादा जीवघेणा अपघात घडतो, मेणबत्त्या लागतात, निवेदन दिले जाते आणि पुन्हा हेल्मेटवाटप सुरू होते. माझे स्पष्ट मत असे आहे की, अशा संस्थेने लोकांना शहाणे करण्याचा उद्योग आवरता घ्यावा आणि आपली मोजकी माणसे व तुटपुंजा निधी रस्त्याची रचना बदलून घेण्याच्या कामी लावावा.

यामागचे कारण साध्या गणिताचे आहे. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत चालकाचा एक सेकंद जातो असे धरले, तर ताशी ३० किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्यात सुमारे ८ मीटर पुढे सरकते आणि कोरड्या रस्त्यावर आणखी ५ मीटरांत थांबते. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी त्या एका सेकंदातच जवळजवळ १४ मीटर गेलेली असते. म्हणजे पहिली गाडी जिथे उभी राहिली, तिथे दुसरीचा ब्रेक लागायलाही सुरुवात झालेली नसते, आणि तिच्या धडकेतली ऊर्जा पहिलीच्या मूळ ऊर्जेच्या पावणेतीन पट असते. समोरच्या मुलाला वाहतुकीचे सगळे नियम तोंडपाठ असले तरी या हिशेबात काडीचाही फरक पडत नाही.

स्वीडनच्या संसदेने १९९७ साली ‘व्हिजन झीरो’ हे धोरण स्वीकारले, तेव्हा माणूस रस्त्यावर चुकणारच हे गृहीत धरून त्या चुकीची किंमत जिवाने मोजावी लागू नये, ही जबाबदारी रस्ता आखणाऱ्यांवरही टाकली. नॉर्वेची राजधानी ऑस्लोमध्ये २०१९ साली एकही पादचारी वा सायकलस्वार रस्ते-अपघातात दगावला नाही. त्याआधी तिथे वेगमर्यादा उतरवली गेली होती, मध्यवर्ती भागातील पार्किंग हटवले गेले होते आणि सायकलमार्ग वाढवले गेले होते. व्याख्याने तिथेही झाली असतील, पण एवढा फरक व्याख्यानांनी पडत नाही.

प्रतिसाद १

आपले गणित मान्य आहे. आक्षेप आहे तो अधिकाराचा. रस्ता सर्वांचा आहे. त्यातला कोणता भाग कोणाला द्यायचा हा निर्णय लोकनियुक्त प्रतिनिधींनी घ्यायचा, की शे-दोनशे सभासदांच्या आणि कोणीही निवडून न दिलेल्या संस्थेने? हेल्मेट वाटण्यात कोणावरही सक्ती नसते. पार्किंगची रांग काढून टाकली की दुकानदाराचे, घरपोच माल देणाऱ्याचे आणि चालू न शकणाऱ्या रुग्णाला दारापर्यंत आणणाऱ्या कुटुंबाचे नुकसान होते, आणि नकाशावर रेघ ओढणाऱ्याला त्याची झळ बसत नाही.

शिवाय या संस्था मोजणी कुठे करतात हेही तपासावे. स्वयंसेवक जिथे राहतात, तिथल्या चौकाचा अहवाल छायाचित्रांसह तयार असतो. ज्या वस्तीतील माणसे पहाटे कामाला निघतात आणि रात्री परततात, तिथून कोणी अर्ज करत नाही म्हणून तिथला चौक यादीतच येत नाही. एका गल्लीतली वाहने अडवली की ती शेजारच्या गल्लीत शिरतात, आणि ती शेजारची गल्ली बहुधा ज्यांना निवेदने लिहायला सवड नाही अशांचीच असते.

प्रतिसाद २

मी रस्ते-आखणीच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून तपशिलापुरते लिहितो. ‘रचना बदला’ ही मागणी आमच्या टेबलावर आली की ती फायलीत जाते. मोजमाप आले की ती फाईल हलते. पादचारी सिग्नलचा वेळ ठरवताना चालण्याचा वेग बऱ्याच ठिकाणी सेकंदाला १.२ मीटर धरतात. त्या हिशेबाने १२ मीटर रुंद रस्ता ओलांडायला १० सेकंद पुरतात. मात्र गुडघे दुखणारी वृद्ध व्यक्ती सेकंदाला ०.८ मीटरच चालत असेल तर तिला १५ सेकंद लागतात, आणि उरलेले ५ सेकंद ती सुटलेल्या वाहनांसमोर असते. संस्थेच्या दोन माणसांनी स्टॉपवॉच घेऊन अर्धा दिवस चौकात उभे राहावे आणि किती जण दुभाजकापाशी अडकतात याची नोंद करावी. सिग्नलची वेळ बदलायला खोदकाम लागत नाही, निविदाही लागत नाही.

दुसरी गोष्ट कोपऱ्याची. पदपथाची कडा मोठ्या गोलाईची असेल तर गाडी वेग न उतरवता वळते. तीच गोलाई आवळली की चालकाला वेग कमी करावाच लागतो आणि ओलांडायचे अंतरही घटते. याची चाचणी रंग आणि सुटे खांब लावून काही आठवड्यांत घेता येते आणि फसली तर ते काढून टाकता येते. गतिरोधक मागितले की ते अग्निशमन बंबांना अडवतात असा आक्षेप नेहमी पुढे येतो. त्यासाठी मोठ्या वाहनाची चाके दोन्ही बाजूंनी निघून जातील असे अरुंद उंचवटे असतात. या जातीच्या आक्षेपाला उत्तर आराखड्यातच द्यावे, सभेत नव्हे.

प्रतिसाद ३

मला दिसत नाही आणि मी पांढरी काठी घेऊन एकटा फिरतो. ‘चालणारे आणि सायकलस्वार’ असा जोडशब्द या संस्था वापरतात, त्यालाच माझा विरोध आहे. मोटार मला ऐकू येते. सायकल ऐकू येत नाही. पदपथावरच रंगाचा पट्टा मारून सायकलमार्ग झाल्याचे जाहीर केले जाते, तेव्हा तो पट्टा माझ्या काठीला लागत नाही. पदपथ आणि रस्ता एकाच पातळीवर आणण्याची जी टूम निघाली, तिच्यात काठीला कडाच सापडेनाशी झाली. ब्रिटिश सरकारने २०१८ साली अशा समपातळी रस्त्यांची नवी कामे थांबवण्यास सांगितले, ते अंध आणि अपंगांच्या संघटनांनी तक्रारी लावून धरल्यावरच. तेव्हा रचना बदलाच, पण सायकलला जागा मोटारीच्या वाट्यातून द्या, माझ्या वाट्यातून नको. ते अवघड पडते म्हणून पदपथ कापला जातो, आणि संस्था त्यालाही यश म्हणून मिरवते.

धागालेखक

तिसऱ्या प्रतिसादातील आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. पदपथ कापून केलेल्या सायकलमार्गाला संस्थेने जाहीर विरोध केला पाहिजे, मग त्यासाठी मिळालेली मंजुरी परत गेली तरी चालेल. सायकलमार्ग वेगळ्या पातळीवर आणि काठीला जाणवेल अशा कडेने विभागलेला असावा, आणि आराखडा पाहायला अंध व्यक्ती आरंभापासून बसलेली असावी.

प्रतिनिधित्वाचा मुद्दा मात्र मला तितकासा पटत नाही. पार्किंग वाढवून मागणारा दुकानदारांचा संघही कोणी निवडून दिलेला नसतो. मागणी संस्थेने करायची आणि निर्णय सभागृहाने घ्यायचा, यात लोकशाहीला धक्का बसण्याजोगे काही नाही. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती; त्यानंतर पालक रस्त्यावर उतरले आणि १९७५ मध्ये सायकलस्वारांची देशव्यापी संघटना उभी राहिली. त्यांनाही कोणी मते दिली नव्हती.

प्रतिसाद १ (पुन्हा)

नेदरलँड्सचे उदाहरण अर्धेच सांगितले जाते. १९७३ च्या तेलटंचाईने सरकारला मोटारविरहित रविवार जाहीर करावे लागले आणि पालकांची मागणी नेमकी तेव्हा सरकारच्या सोयीची झाली. ज्या शहरावर असा दबाव नाही तिथे संस्थेला लोकांची मने वळवावीच लागतील, आणि मने वळवणे म्हणजेच ते शिक्षण, जे आपण आवरते घ्यायला सांगता. ते मुलांऐवजी दुकानदारांना द्यावे, एवढी सुधारणा मी सुचवेन. आपले गिऱ्हाईक गाडीनेच येते असे दुकानदाराला वाटते. इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात पाहणी झाली तेव्हा हा अंदाज प्रत्यक्षापेक्षा बराच फुगलेला निघाला. ही पाहणी स्वतःच्या बाजारपेठेत करून दुकानदारांपुढे ठेवायला कोणती संस्था तयार आहे?

प्रतिसाद ४

चालणारेही मोबाईलमध्ये डोके घालून रस्ता ओलांडतात, त्याबद्दल इथे एक अक्षर नाही.

प्रतिसाद २ (पुन्हा)

ओलांडतात. ताशी ३० च्या रस्त्यावर त्यांतले बहुतेक जण शिव्या खाऊन घरी पोहोचतात.

गिऱ्हाइकांच्या पाहणीची सूचना चांगली आहे. तिच्यात एक प्रश्न वाढवावा: आपण महिन्यातून किती वेळा येता? गाडीने येणारा एका फेरीत जास्त घेतो, पायी येणारा वारंवार येतो, आणि एकाच दिवसाची पावती पाहिली तर आकडा दुकानदाराच्याच समजुतीच्या बाजूने झुकतो. प्रश्नावली दुकानदारांच्या संघासोबत बसून ठरवावी, म्हणजे निकाल आल्यावर ती कोणी केली यावर वाद होणार नाही.