गार्सिनॉलचा डॉकिंग स्कोअर कॅम्प्टोथेसिनपेक्षा सरस आला. निष्कर्ष काय लिहावा?

प्रश्न : एम. फार्म. विद्यार्थिनी, खानापूर
नमस्कार. आमच्या खानापूर-जांबोटी भागातील औषधी वनस्पतींमधील संयुगे टोपोआयसोमरेज-१ या डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या विकरावर डॉक करून, म्हणजे संगणकावर बसवून पाहणे, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. संदर्भ औषध म्हणून नरक्या या वनस्पतीत सापडणारे कॅम्प्टोथेसिन घेतले आहे. पीडीबी या प्रोटीन-संरचनांच्या संग्रहावरून १टी८आय ही संरचना उतरवून घेतली, पाणी व इतर सर्व काढून फक्त प्रोटीनची साखळी ठेवली आणि ऑटोडॉक व्हिना हे डॉकिंगचे सॉफ्टवेअर चालवले. कॅम्प्टोथेसिनचा स्कोअर उणे ८.६ आणि कोकमातील गार्सिनॉलचा उणे ९.४ आला (जितका अधिक उणे, तितका सरस). तेव्हा गार्सिनॉल अधिक प्रभावी आहे, असे लिहिता येईल का?

उत्तर : संगणकीय रसायन, बेळगाव
आपल्या प्रश्नाचे उत्तर स्कोअरमध्ये नसून ‘फक्त प्रोटीनची साखळी ठेवली’ या शब्दांत आहे. कॅम्प्टोथेसिन एकट्या विकराला धरून बसत नाही. विकराने डीएनएचा एक धागा कापून तो ७२३व्या स्थानावरील टायरोसिनशी जोडून घेतला, की त्या कापलेल्या जागी, वरखालच्या बेसजोड्यांच्या मध्ये हा चपटा रेणू शिरतो आणि धागा पुन्हा सांधू देत नाही. १टी८आयमध्ये विकर, डीएनए आणि औषध असे तिन्ही एकत्र आहेत ते याचसाठी. डीएनए काढून टाकल्यावर औषधाची बसण्याची जागाच उरली नाही. व्हिनाने मग मिळेल त्या खळग्यात त्याला बसवले आणि स्कोअर दिला, कारण स्कोअर तो कशालाही देतोच.

डीएनए रिसेप्टरचा (ज्यात रेणू बसवायचा त्या संरचनेचा) भाग म्हणून ठेवावा, कॅम्प्टोथेसिन तेवढे बाहेर काढावे आणि तेच पुन्हा डॉक करावे. मूळ संरचनेतील स्थितीपासून आरएमएसडी (अणूंच्या स्थानांतील सरासरी अंतर) २ अँगस्ट्रॉमच्या आत येत नाही, तोपर्यंत गार्सिनॉलकडे वळू नये. लिगँडच्या (बसवायच्या रेणूच्या) फाइलमध्ये कॅम्प्टोथेसिनमधील लॅक्टोनचे वलय बंद आहे ना, हेही पाहावे. ते उघडले की औषधाचा प्रभाव बहुतांशी जातो.

उत्तर : औषधी रसायन, निपाणी
वरील उत्तराशी सहमत आहे. भर एवढीच, की ०.८ किलोकॅलरीचा फरक हा फरकच नव्हे. व्हिनाच्या मूळ शोधनिबंधातच अंदाजातील प्रमाण त्रुटी सुमारे २.८५ दिली आहे. शिवाय गार्सिनॉलमध्ये हायड्रोजन सोडून ४४ अणू आहेत, कॅम्प्टोथेसिनमध्ये २६. मोठ्या रेणूला स्पर्शाच्या जागा अधिक मिळतात, म्हणून स्कोअर फुगतो. अणूमागे भागून पाहिल्यास कॅम्प्टोथेसिन ०.३३ आणि गार्सिनॉल ०.२१, म्हणजे क्रम उलटतो. (या भागाकारालाही फार डोक्यावर घेऊ नये, तो लहान रेणूंना झुकते माप देतो.)

उत्तर : जैवरसायन, बेळगाव
‘प्रभावी’ हा शब्द प्रयोगाशिवाय वापरू नये. अतिवलयित प्लाझ्मिड (जादा पीळ असलेले वर्तुळाकार डीएनए), विकर आणि संयुग एकत्र ठेवून अगारोज जेलवर पाहिले, तर विकर रोखले जाते का, हे कळते. परंतु रोखणे वेगळे आणि कॅम्प्टोथेसिनप्रमाणे कापलेल्या डीएनएवरच विकर अडकवून ठेवणे वेगळे. त्यासाठी क्लीव्हेज चाचणी (डीएनए कापलेलाच राहतो का, हे पाहणारी) लागते. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) पारंपरिक औषधींवरील राष्ट्रीय संस्था बेळगावातच आहे. आपल्या मार्गदर्शकांमार्फत तेथे विचारणा करावी, मात्र आधी डीएनएसह केलेले रीडॉकिंग हाताशी असू द्यावे.