बाबांचं डायलिसिस चालू आहे, फिस्चुला आत्ताच करावा का थांबावं? (बडोदा)

रावपुरेकर: नमस्कार मंडळी. बाबा ६१ वर्षांचे, शुगर आहे. जुलाब-उलट्या झाल्या, अंग दुखतं म्हणून मेडिकलवरून पेनकिलर आणून खात राहिले, आम्हाला कळेपर्यंत बीपी खाली आणि लघवी बंद. मग आयसीयू, इन्फेक्शन, डायलिसिस. आता वॉर्डात आलेत, बोलतात, जेवतात, पण तीन आठवडे झाले तरी आठवड्यातून तीनदा मशीन चालूच. आता म्हणतायत हातात फिस्चुला (डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडायचं ऑपरेशन) करून घ्या. आत्या म्हणते एकदा डायलिसिस लागलं की सुटत नाही. सेकंड ओपिनियन कुठे घ्यावं?

वाडीतला_विनू: पुनर्नव्याचा काढा द्या, आमच्या शेजाऱ्यांची क्रिएटिनिन (किडनी बसली की रक्तात वाढतो तो कचरा) उतरली.

मशीनरूम: विनूभाऊ, काढा-बिढा अजिबात नको, पोटॅशियम वाढलं तर हार्टवर येतं.
रावपुरेकर, मी डायलिसिस टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. पण आत्यांचं म्हणणं जुनाट किडनीच्या पेशंटचं, अचानक बसलेल्या किडनीचं वेगळं असतं. खरा धोका आयसीयूत असतो, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा २००९ चा मोठा अभ्यास आहे, त्यात आयसीयूत डायलिसिस लागलेल्यांपैकी जवळजवळ ४५ टक्के ९० दिवसांत गेले, पण जे वाचले त्यांच्यातले शंभरात पाच-सहाच तेव्हाही डायलिसिसवर होते. बाबा त्यातून बाहेर आलेत ही मोठी गोष्ट. फक्त शुगरवाल्यांना वेळ जास्त लागतो आणि काहींचं डायलिसिस सुटत नाही, ते पण धरून चाला. साधारण ९० दिवस वाट बघतात, म्हणून फिस्चुलाची घाई का ते विचारा. मानेतली डायलिसिसची साधी नळी फार दिवस ठेवत नाहीत हे खरंय, पण मधे पर्मकॅथ (कातडीखालून घातलेली, जास्त दिवस चालणारी नळी) टाकता येतो.

नवसारीची_सून: ह्यांना लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप, किडनीवर जातो) झाला होता, आमच्याकडे भातशेतीत होतोच. डायलिसिस सुटलं. रोजची लघवी मोजून वहीत लिहायचो, आधी कपभर, मग एकदम दोन-अडीच लिटर, तेव्हा डॉक्टर म्हणाले आता पाणी-मीठ कमी पडू देऊ नका.

मशीनरूम: ताईंचं बरोबर. आणि क्रिएटिनिन बघायची ती मशीनवर चढायच्या आधीची, नंतरची कमी येणारच, ती मशीनने काढलेली असते. दोन डायलिसिसच्या मधे ती कमी-कमी वाढायला लागली तर किडनी जागी होतेय. दुसरं, मशीनवर बीपी पडतं का? पाणी जास्त ओढलं की पडतं आणि सुधारणाऱ्या किडनीला परत मार बसतो. त्या दिवशी सकाळची बीपीची गोळी द्यायची का ते डॉक्टरांना विचारा. आजाराआधीचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट आहे का? सोनोग्राफीत किडनीचा साईज काय?

रावपुरेकर: गेल्या दिवाळीतला मिळाला, १.१. साईज नॉर्मल लिहिलंय. बीपी पडतं हो, मागच्या वेळी घाम फुटून मधेच थांबवलं.

मशीनरूम: १.१ आणि नॉर्मल साईज म्हणजे आशा चांगली आहे, मी तरी थांबलो असतो. ओपिनियनला नडियादचं मूलजीभाई पटेल हॉस्पिटल, नाहीतर अहमदाबाद सिव्हिल कॅम्पसमधलं किडनी इन्स्टिट्यूट. नडियाद जवळ पडेल, बाबांना नेऊ नका, आधी फाईल घेऊन तुम्हीच जा. डावखुरे नसतील तर डाव्या हातातून रक्त काढू देऊ नका, पुढे फिस्चुला लागलाच तर शीर शाबूत हवी.

नवसारीची_सून: डायलिसिस चार्टची झेरॉक्स मागून घ्या, त्यात दर तासाचं बीपी असतं. पेनकिलरचं पाकीट पण न्या, ते पहिलं विचारतात.