संध्याकाळी सातला मोबाइल बंद : आपल्या गावात भोंगा लावावा का?

गोदाकाठचा मास्तर
सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये रोज सातला भोंगा वाजवून दीड तास मोबाइल-टीव्ही बंद ठेवायला सुरुवात केली. बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावातही तसाच ठराव मांडावा म्हणतोय. शिष्यवृत्तीच्या खात्यासाठी नववीची अकरा पोरं घेऊन बँकेत गेलो होतो. फॉर्मचा एक रकाना कळेना. समोर खिडकीत साहेब बसलेले, पण एकानंही विचारलं नाही. फोटो काढून मोबाइलात शोधत बसली. "अरे, विचार की," म्हटलं तर एक जण कसनुसा झाला, "सर, तुम्हीच विचारा ना." हीच पोरं व्हिडिओ बघून त्रिकोणमिती सोडवतात. माणसापुढं मात्र तोंड उघडत नाही.

ऊसतोडवाल्याची लेक
सर, राग मानू नका, पण सातलाच का? माझी बहीण-दाजी दिवाळी झाली की कारखान्यावर जातात, लेकरं आजीजवळ. फडातून कोपीवर, म्हणजे झोपडीवर, आल्यावर चूल पेटवता पेटवता बहीण व्हिडिओ कॉल लावते. धाकटा वहीचं पान कॅमेऱ्यापुढं धरतो. "उलीसं वर धर," म्हणते. तिला वाचता येत नाही, तरी सगळं पान बघते. आमच्या लहानपणी पाच-सहा महिने आईचा आवाज कानावर पडत नव्हता.

आणि बँकेत मीही बोलत नव्हते. तेव्हा घरात मोबाइल नव्हता. साहेब खेकसतील, याचं भ्या वाटायचं.

नांदेडकर
ताईंचं खरं, पण सगळ्या घरात फोन आईशी बोलायलाच लागतो का? ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांचा २०२३ चा 'असर' हा शिक्षणाच्या पाहणीचा अहवाल बघा. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांत आदल्या आठवड्यात फोनवर अभ्यासाचं काही करणारे साधारण दोन तृतीयांश, सोशल मीडियावर असणारे ९० टक्के. आणि दुसरीच्या पातळीचा उतारा चौघांतल्या एकाला सलग वाचता येत नाही! माझा पुतण्या व्हॉइस मेसेजच पाठवतो, का तर लिहायला जमत नाही. मी सरांच्या बाजूनं.

लातूरचा रिपीटर
नीट परीक्षेच्या तयारीचं दुसरं वर्ष चालू आहे. गावाकडं फिजिक्सला शिक्षकच नव्हता, फोन नसता तर इथपर्यंत आलोच नसतो. आता हॉस्टेलवर साधा फोन आहे. पहिले पंधरा दिवस लई जड गेले. मग मेसच्या रांगेत एकमेकांना डाउट विचारायला लागलो. दुसऱ्याला समजावून सांगताना आपलं कुठं चुकतंय ते कळतं, व्हिडिओत ते कधी कळलं नाही. तरी भोंगा नको. घरी पोरगं एकटं आणि फोनही बंद, मग ते बोलणार कुणाशी?

गोदाकाठचा मास्तर
ताई, कॉलचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आई-बापाच्या फोनला बंदी नाही, असं ठरावात घालतो. बँकेत पोरांना परत नेतो, या वेळी मी बाहेर थांबेन. पण भोंगा पाहिजेच. एकट्या घरानं फोन बंद केला तर पोरगं शेजारी जाऊन बघतंय.

ऊसतोडवाल्याची लेक
माझा विरोध आहेच, सर. निदान ठराव आत्ता घेऊ नका. ज्यांच्या लेकरांचं तुम्ही ठरवताय ते निम्मं गाव गुढीपाडव्यापर्यंत कारखान्यावर आहे. ते आल्यावर सभा बोलवा, मी बहिणीला घेऊन येते.