लोगोच्या आधी अक्षर ठरवा

बीडच्या बचत गटाच्या सीताफळ गरासाठी लोगो सुचवा, असं ताईंनी विचारलंय आणि वर बऱ्याच जणांनी चित्रं सुचवलीत. ताई, मला वाटतं आधी अक्षर, म्हणजे नाव कोणत्या फॉन्टमध्ये लिहायचं ते ठरवा. आपल्याकडे डब्याचं लेबल एका डीटीपीवाल्याकडे होतं, फ्लेक्स दुसऱ्याकडे. जो तो आपल्या कॉम्प्युटरवर असेल तो फॉन्ट लावतो. गटाचं नाव तेच, चेहरा मात्र दर वेळी नवा! 'मुक्ता', 'बालू' असे चांगले देवनागरी फॉन्ट मोफत मिळतात, धंद्यासाठीही चालतात. त्यातला एक निवडा आणि नाव 'कर्व्ह' करून, म्हणजे अक्षरांचं चित्रासारख्या आकारांत रूपांतर करून, पीडीएफ जपून ठेवा. मग समोरच्याकडे फॉन्ट नसला तरी अक्षर बदलत नाही.

रंग एकच घ्या, हिरवा. त्याचे सीएमवायके आकडे, म्हणजे छपाईच्या चार शाईंचं प्रमाण, लिहून ठेवा, कारण मोबाईलवरचा झगझगीत हिरवा छापल्यावर मंद पडतो. चिन्ह रबरी शिक्क्यातही ओळखू यायला हवं.

आणि हे नक्की करा: बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालाची कायदेशीर ओळख) मिळालंय. ते लेबलवर वापरायचं तर गटातल्या उत्पादकांची 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदणी लागते. तो अर्ज आधी करा, डबे नंतर छापा.