गोधडीच्या पोटात काय घालायचं: कापूस, फायबर की जुनं लुगडं?

फोंड्याची मावशी
भाचीचं बाळंतपण ऐन श्रावणात येतंय. बाळाखाली घालायला 36 बाय 45 इंचांची गोधडी शिवायला घेतलीय. दुकानात मधल्या थरासाठी पॉलिएस्टरची शीट (फायबर म्हणतात ती) पुढे केली, "हल्ली सगळे हेच नेतात" म्हणून. मी हात हलवत परत आले. माझं मत सांगते: गोव्यात गोधडीच्या पोटात प्लास्टिक घालायचं काही कारण नाही. इथली थंडी ती काय, पहाटे 20 अंश! ऊब कोणाला हवीय? पॉलिएस्टर घाम पीत नाही, बाळाची पाठ चिकचिकते. पिंजलेला कापूसच घालावा.

पर्वरीकर
मावशी, रागावू नका, पण ती गोधडी बाळाखाली जाणार म्हणजे रोज धुणार. श्रावणात कापसाचा जाड थर सुकवून दाखवा! आमच्याकडे एक होती. चार दिवस दोरीवर, मग पंख्याखाली, तरी कुबट वास. शेवटी काळे ठिपके पडले. फायबर पिळलं की निम्मं पाणी जातं, संध्याकाळपर्यंत पांघरता येतं. आटतही नाही.

डिचोलीची शिवणकाम-वेडी
दोघेही थराबद्दल भांडताय, टाक्यांबद्दल कोणीच बोलत नाही. पिंजलेला सुटा कापूस घालून मी पहिली गोधडी शिवली तेव्हा रेघा वीतभर अंतरावर मारल्या. दिसायला छान. पहिल्याच धुण्यात आतला कापूस सरकला. हात फिरवला तर एका कोपऱ्यात लिंबाएवढे गोळे, आणि मधे नुसती दोन कापडं. सुट्या कापसाला धावदोरा दोन-तीन इंचांवर हवाच. सुईने ठोकून घट्ट केलेली शीट असेल तर अंतर वाढवता येतं. काही शीटना आत बारीक जाळी असते. ती मशीनला चालते, हाताने शिवणाऱ्याची मात्र बोटं दुखतात.

आणि पर्वरीकर, स्वस्त फायबरची दुसरी खोड सांगायची राहिली. धागे कापडातून बाहेर येतात. गडद निळ्या कापडावर तर पांढरी दाढी फुटल्यासारखी दिसते. वर गरम इस्त्री फिरवली की थर वितळून बसतो, तो बसतोच.

पर्वरीकर
स्वस्त घेतलं तर कापूसही गाठींचाच मिळतो मरे. उजेडासमोर धरून बघायचं, विरळ जागा लगेच दिसतात.

मडगावची सून
सांवरीचा कापूस कोणी सुचवला नाही ते बरं झालं! सासूबाईंच्या परसात झाड आहे, म्हणून एकदा तोच भरला होता. तो गुळगुळीत असतो, तंतू एकमेकांना धरत नाहीत. उशीत छान, गोधडीत नको.

काणकोणकर
तुम्ही विकत घ्यायच्या वस्तूवर का अडलात? आमच्या घाटापलीकडे, हल्याळ-यल्लापूरकडे, सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या) समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात. त्यात वेगळा थरच नसतो. खाली जुनी साडी, वर तुकड्यांवर तुकडे, आणि कडेपासून आत, मध्यापर्यंत हाताने टाके. चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची फुलं. गोधडीचा अर्थच जुनं कापड. मावशींनी "जुनं लुगडं" मथळ्यात लिहिलं आणि मजकुरात विसरल्या.

पर्वरीकर
जुनं लुगडं असायला तरी हवं ना. आमच्या घरी सगळ्या साड्या सिंथेटिक. म्हणजे फिरून पॉलिएस्टरच!

फोंड्याची मावशी
काणकोणकर, विसरले नाही, लाजले. विरलेलं लुगडं बाळाला काय द्यायचं, असं वाटलं. पण परवा करून बघितलं. दहा-दहा इंचांचे तीन तुकडे शिवले: एकात कापूस, एकात फायबर (शेजारणीकडून मागून आणलं), एकात लुगड्याचे तीन पदर. एकत्र धुऊन व्हरांड्यात टाकले. बाहेर धो धो पाऊस. फायबर दुपारीच सुकलं, हे पर्वरीकरांना मान्य. लुगडं रात्री. कापसाचा तुकडा दुसऱ्या दिवशी दाबला तरी मधे गार लागत होता, आणि पट्टी लावली तर जवळजवळ अर्धा इंच आटलेला. 45 इंचांना दोन इंच गेलेच म्हणायचे!

फायबर तरीही घालणार नाही. पदर कापायला घेतलेत. काठ मात्र बाहेरच्या बाजूला दिसतील असे ठेवतेय, भाचीला ओळखता यावं कोणाचं ते.

डिचोलीची शिवणकाम-वेडी
मावशी, मधला पदर चारी बाजूंनी तीन इंच मोठा कापा हां. टाके घालताना आत ओढला जातो.