उपम्याने टॉप शेफ मास्टर्स जिंकलं!

प्रश्न: टॉप शेफ मास्टर्स या अमेरिकन टीव्ही पाककला स्पर्धेचा २०११ चा सीझन आत्ता बघून संपवला. अंतिम फेरीत शेफ फ्लॉइड कार्डोझनी चक्क उपमा केला! मशरूम, कोकम, नारळाचं दूध घालून. आमच्याकडे उपमा म्हणजे ‘आज काही सुचलं नाही’ची कबुली. कुणी करून पाहिलाय का असा?

उत्तर: मी केलाय. उकळत्या नारळाच्या दुधात आमसुलं टाकली, दूध फाटलं. नवऱ्याने लोणच्याबरोबर निमूट संपवला. त्यापेक्षा आगळ (कोकमाचा रस) वापरा, तेही गॅस बंद केल्यावरच घाला.

उत्तर: कार्डोझ मूळचे मुंबईचेच. एक लाख डॉलरचं बक्षीस कर्करोग संशोधनाला दिलं. मार्च २०२० मध्ये करोनाने गेले, फार वाईट वाटलं होतं.

प्रश्नकर्ती: आगळ आणलंय. आई म्हणते, मशरूमवाला करायचा तर माझा साधा वेगळा काढ.